भिंतीत गेलेले घेणे

ठाण्याहून कल्याणाकडे खाडीच्या काठाने जाणाऱ्यास रेतीबंदर हे नाव पुनःपुन्हा भेटते. मुंब्र्यास ते आहे, डोंबिवलीस आहे, कल्याणासही आहे. खाडीतील रेतीने ही शहरे उभी केली. परंतु रेती, वीट व श्रम पुरविणाऱ्याचे पैसे अडले तर त्याने काय करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या कायद्याने अद्याप पुरतेपणी दिलेले नाही.

शिंप्यास शिलाई मिळेपर्यंत अंगरखा अडकवून ठेवता येतो. १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम त्यास तो हक्क देते. १९३० च्या मालविक्री कायद्याने किंमत न मिळालेल्या विक्रेत्यासही तशीच मुभा दिली. ह्यास धारणाधिकार म्हणतात आणि नावातच त्याची मर्यादा आहे : माल हाती आहे तोवरच तो चालतो. वीट भिंतीत बसली की ती जमिनीचा भाग होते. मग वीटवाल्याच्या हाती उरतो तो दिवाणी दावा.

घामाचे मोल असे अडकले म्हणजे काय घडते, हे आमच्या लोहमार्गाने पूर्वीच दाखविले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पहिली आगगाडी आली. १८५४ त ती कल्याणास पोचली. पहिल्या टप्प्याच्या कंत्राटदारांपैकी फॅव्हिएल ह्यांनी पुढे बोरघाटाचा मक्ता घेतला. कंपनी, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम, अशा पायऱ्या उतरत मजुरी खाली यावयाची, ती वाटेतच अडू लागली. जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा दंगा झाला व त्याच वर्षी फॅव्हिएल ह्यांनी मक्ता सोडला. १८६० त सरकारने कायदा करून अशा मजुरीच्या तंट्यांचा निकाल तडकाफडकी लावण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास दिला. मात्र त्याच कायद्याने करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षाही ठेवली! तो १९३२ त रद्द झाला.

अमेरिकेत मेरीलँड संस्थानाने १७९१ तच निराळी वाट धरली होती. वॉशिंग्टन नगरी वसविताना बांधणाऱ्याच्या घेण्याचा बोजा त्या इमारतीवरच चढविला गेला. आमच्याकडे २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादारांस फार तर ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट व्याज लावले. परंतु इमारत मोकळीच राहिली.

कोणी म्हणेल, बोजा चढविला तर आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबाचे काय? शंका रास्त आहे. परंतु अमेरिकेत असा बोजा ठराविक मुदतीत सरकारदप्तरी नोंदवावा लागतो, म्हणजे घेणारा तो पाहून व्यवहार करू शकतो. घर घेणारा आणि वीट देणारा दोघेही एकाच विश्वासावर पैसा गुंतवितात. एकास राखण्यासाठी दुसऱ्यास उघडे टाकावे, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.