रोलिंग स्टोन नियतकालिकाची मांडणी

रोलिंग स्टोनची मांडणी म्हणजे या अमेरिकन संगीत नियतकालिकाचे मुखपृष्ठ, शीर्षनाम, अक्षरवळणे, छायाचित्रे, पानाचा आकार आणि कागद यांची १९६७ पासून घडत आलेली दृश्य ओळख होय. कानांनी अनुभवायची कला कागदावर डोळ्यांसाठी कशी उभी करावी, हा प्रत्येक संगीत मासिकापुढचा मूळ प्रश्न आहे. गाणे छापता येत नाही. वाचकाच्या हाती पडतो तो गायकाचा चेहरा, त्याचे नाव आणि त्याच्याविषयीचा मजकूर. या तीन गोष्टींची सांगड रोलिंग स्टोनने ज्या रीतीने घातली तिचा प्रभाव पुढील अनेक दशके जगभरच्या संगीत मासिकांवर राहिला. या मांडणीमुळे मुखपृष्ठावर झळकणे हीच कलावंताच्या यशाची पावती मानली जाऊ लागली. त्यामुळेच एका अंकाच्या वेळी हीच मांडणी वादाचे कारणही ठरली.

== पार्श्वभूमी ==

यान वेनर आणि संगीत समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे हे नियतकालिक सुरू केले. पहिल्या अंकावर ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख असून किंमत २५ सेंट होती. सुमारे ७,५०० डॉलर इतके भांडवल आप्तेष्टांकडून उसने घेतलेले होते आणि कचेरी ब्रॅनन रस्त्यावरील एका छापखान्याच्या माळ्यावर होती. पहिल्या अंकाच्या सुमारे ४०,००० प्रती छापल्या गेल्या व त्यांपैकी ३४,००० च्या आसपास न विकल्या जाता परत आल्या, असे सांगितले जाते.

त्या काळी अमेरिकेतील रॉक संगीतविषयक मजकूर प्रामुख्याने दोन ठिकाणी वाचायला मिळे. एक म्हणजे किशोरवयीन मुलींसाठी निघणारी, गायकांच्या गुळगुळीत छायाचित्रांनी भरलेली मासिके. दुसरे म्हणजे हिप्पी चळवळीतील पर्यायी वृत्तपत्रे. सॅन फ्रान्सिस्कोतीलच 'ऑरॅकल' हे वृत्तपत्र दुसऱ्या प्रकारचा नमुना होते. त्याच्या पानांवर इंद्रधनुषी शाई पसरलेली असे आणि मजकूर चित्राच्या आकारात वळवलेला असल्याने बरेचदा वाचताच येत नसे. वेनर यांनी हे दोन्ही मार्ग टाळले. रॉक संगीताविषयी गांभीर्याने लिहायचे असेल तर ते गंभीर वृत्तपत्रासारखे दिसलेही पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

== आरंभीची मांडणी ==

नव्या नियतकालिकाचा साचा बहुतांशी आयता मिळालेला होता. वेनर पूर्वी 'सन्डे रॅम्पार्ट्स' या अल्पायुषी वृत्तपत्रात काम करीत. ते बंद पडल्यावर त्याची स्तंभरचना, टाइम्स हे पारंपरिक अक्षरवळण आणि पानाभोवतीची चौकट रोलिंग स्टोनने उचलली. ही चौकट एक जाड व एक बारीक अशा दोन समांतर रेघांची असून मुद्रणव्यवसायात तिला 'ऑक्सफर्ड रेघ' म्हणतात. जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या शीर्षपृष्ठांवर दिसणारी ही रेघ रॉक गायकांच्या छायाचित्रांभोवती आली, तेव्हा वाचकाला नकळत एक संदेश मिळाला: आतला मजकूर विश्वासार्ह आहे. याच सोज्ज्वळ दिसणाऱ्या पत्राने आरंभीच्या वर्गणीदारांना गांजाची विडी अखेरपर्यंत धरता यावी यासाठीचा चिमटा भेट म्हणून देऊ केला होता, हेही नोंदवण्यासारखे आहे.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'हाउ आय वन द वॉर' या चित्रपटातील सैनिकी वेशातले जॉन लेनन होते. आरंभीच्या काळात अंक वृत्तपत्री कागदावर टॅब्लॉइड आकारात छापून मधोमध आडवा दुमडला जाई. त्यामुळे तो विक्रेत्याकडे मासिकासारखा दिसे आणि उघडल्यावर वृत्तपत्रासारखा वाटे. रंगीत छपाई परवडत नसल्याने काळ्या शाईच्या जोडीला एखादाच रंग वापरला जाई.

== शीर्षनाम ==

रोलिंग स्टोनचे वळणदार शीर्षनाम रिक ग्रिफिन यांनी रेखाटले. सॅन फ्रान्सिस्कोतील संगीत कार्यक्रमांच्या भित्तिचित्रांसाठी ते प्रसिद्ध होते. त्यांनी केलेले रेखाटन कच्चे होते आणि त्यावर आणखी हात फिरवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु अंकाची घाई असल्याने वेनर यांनी ते आहे तसेच छापखान्यात धाडले. अशा प्रकारे एका अपुऱ्या कामातून संगीत पत्रकारितेतील सर्वाधिक ओळखीचे अक्षरचिन्ह निर्माण झाले. शिस्तबद्ध चौकटीच्या माथ्यावर भित्तिचित्रातली सैलसर अक्षरे असा हा विसंवाद नियतकालिकाच्या स्वभावाला साजेसा ठरला.

१९७७ मध्ये नियतकालिकाच्या दहाव्या वर्धापनाच्या सुमारास अक्षररचनाकार जिम पार्किन्सन यांनी शीर्षनामाची पुनर्रचना केली. पुढे १९८१ मध्ये व २०१८ मध्येही ते काम त्यांच्याकडेच आले. अक्षरांचे वळण इतके परिचयाचे झाले होते की मुखपृष्ठावरील कलावंताच्या डोक्याआड त्यातील दोन-तीन अक्षरे झाकली गेली तरी वाचक नाव ओळखत असे. संपादकांनी या सोयीचा भरपूर लाभ घेतला. नवख्या मासिकाला असे धाडस परवडत नाही, कारण त्याला आपले नाव प्रत्येक अंकात पूर्ण दाखवावे लागते.

== छायाचित्रे ==

बॅरन वोलमन हे पहिले मुख्य छायाचित्रकार होते. १९७० मध्ये ॲनी लीबोविट्झ यांची छायाचित्रे येथे प्रसिद्ध होऊ लागली आणि १९७३ ते १९८३ या काळात त्या मुख्य छायाचित्रकार होत्या. वृत्तपत्री कागद शाई शोषून घेत असल्याने छायाचित्रातील नाजूक छटा छपाईत हरवत. त्यामुळे लीबोविट्झ यांनी ठळक रंग, साधी पार्श्वभूमी आणि दुरूनही कळेल अशी एकच कल्पना यांवर भर दिला. कागदाच्या उणिवेतून आलेली ही भित्तिचित्रासारखी शैली पुढे गुळगुळीत कागद वापरात आल्यावरही टिकून राहिली.

नियतकालिकाचे सर्वांत प्रसिद्ध मुखपृष्ठ २२ जानेवारी १९८१ च्या अंकाचे आहे. विवस्त्र जॉन लेनन पूर्ण कपड्यांतील योको ओनो यांना बिलगून पहुडलेले, असे हे छायाचित्र लीबोविट्झ यांनी ८ डिसेंबर १९८० रोजी टिपले आणि त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली. संपादकांना मुखपृष्ठावर एकटे लेनन हवे होते. योकोही असाव्यात हा आग्रह लेनन यांचा होता. अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर शीर्षनामाखेरीज एकही मथळा नव्हता. आतील लेखांची जाहिरात करणाऱ्या मथळ्यांवर विक्री अवलंबून असते, असे मासिकांच्या धंद्यात मानले जाते. येथे मथळे गाळण्याचा निर्णय घेतला गेला आणि तोच परिणामकारक ठरला, कारण घटना सर्वांना ठाऊक होती. २००५ मध्ये अमेरिकन मासिक संपादकांच्या संघटनेने मागील चाळीस वर्षांतील सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याची निवड केली.

त्यापूर्वी १९६८ च्या नोव्हेंबरमधील अंकावर याच दांपत्याचे पाठमोरे विवस्त्र छायाचित्र छापले गेले होते. ज्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी ते काढले होते, ती दुकानांत तपकिरी कागदात गुंडाळून विकली जात होती. दुकानदारांनी झाकलेले चित्र मासिकाने उघडपणे छापल्याने या लहानशा पत्राचे नाव देशभर पोहोचले.

== अक्षररचना ==

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कला दिग्दर्शक रॉजर ब्लॅक यांनी नियतकालिकासाठी अक्षरांचा नवा, एकसंध संच वापरात आणला. १९७७ मध्ये कचेरी न्यू यॉर्कला हलली, त्या सुमारास हे नवे रूप दिसू लागले. ब्लॅक यांची ओढ एकोणिसाव्या शतकातील मुद्रणाकडे होती आणि ती या पानांत स्पष्ट जाणवते.

तथापि अक्षररचनेच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध काळ फ्रेड वुडवर्ड यांचा होय. ते १९८७ मध्ये 'रोलिंग स्टोन'मध्ये आले आणि २००१ पर्यंत तेथे कला दिग्दर्शक होते. मधल्या काळात वापरातून गेलेली ऑक्सफर्ड रेघेची चौकट त्यांनी परत आणली. ही चौकट सर्व लेखांना समान राहिली. तिच्या आत मात्र प्रत्येक लेखाला स्वतंत्र अक्षरवळण मिळाले. जोडपानावर एका बाजूस कलावंताचे पूर्ण पानभर छायाचित्र आणि समोरच्या पानावर त्याच्या नावाची अवाढव्य अक्षरे, अशी रचना त्यांनी रूढ केली. ती अक्षरे कधी लाकडी ठशांची, कधी हाताने रेखाटलेली असत. डेनिस ऑर्टिझ-लोपेझ यांच्यासारखे अक्षररचनाकार त्यासाठी काम करीत. गेल अँडरसन या वुडवर्ड यांच्या प्रमुख सहकारी होत्या, तर १९९२ पासून मार्क सेलिगर हे मुख्य छायाचित्रकार होते.

या पद्धतीत अक्षरांचे रूपच गायकाच्या आवाजाचे काम करते. खरखरीत आवाजाच्या गायकासाठी झिजलेले लाकडी ठसे, तर नाजूक गायकीसाठी बारीक रेघांची अक्षरे आली की वाचकाला मजकुराचा सूर आधीच कळतो. लेख मात्र शिस्तशीर स्तंभांत आणि सुवाच्य अक्षरांत मांडलेला असल्याने दीर्घ मुलाखत वाचताना थकवा येत नाही. सजावट आरंभीच्या पानावर संपते आणि तिथून पुढे वाचन सुरू होते, ही विभागणी वुडवर्ड यांच्या कामाचे मर्म म्हणता येईल.

== इतर संगीत मासिकांशी तुलना ==

वाचनीयतेबाबत याच्या नेमकी उलट भूमिका 'रे गन' या मासिकाने घेतली. ते १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाले आणि त्याचे पहिले कला दिग्दर्शक डेव्हिड कार्सन हे होते. कार्सन मजकुराचे स्तंभ एकमेकांत घुसवीत, ओळी पानाबाहेर जाऊ देत आणि अक्षरे झिजलेली वा अर्धवट तुटलेली वापरीत. गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत त्यांना कंटाळवाणी वाटल्याने त्यांनी ती अक्षरांऐवजी चिन्हांच्या ठशात जुळवली. परिणामी ती कोणालाही वाचता येईना. वाचता येणे म्हणजे पोहोचणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. तरुण वाचकांनी व मांडणीच्या विद्यार्थ्यांनी हे मासिक डोक्यावर घेतले, तर जुन्या मुद्रणतज्ज्ञांनी त्यावर सडकून टीका केली. ज्यांची मुलाखत गेली त्यांचे काय, हा प्रश्न या वादात फारसा कोणी विचारला नाही. 'रे गन' २००० मध्ये बंद पडले.

ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये सुरू झालेल्या 'केरँग!'ने हेवी मेटल संगीताला साजेसे, तडा गेलेल्या काचेसारखे शीर्षनाम स्वीकारले. 'स्मॅश हिट्स' गाण्यांचे शब्द छापी; किशोरवयीन वाचक ती पाने कापून भिंतीवर लावतील हे गृहीत धरूनच त्याची रंगीत पाने रचलेली असत.

== २०१३ चे मुखपृष्ठ ==

ऑगस्ट २०१३ च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटातील आरोपी झोखर त्सारनाएव याचे छायाचित्र छापले गेले. विस्कटलेले कुरळे केस आणि वाचकाकडे रोखलेली नजर असलेले हे छायाचित्र त्याने स्वतःच काढलेले होते. ते पूर्वी न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरही आले होते, मात्र तेव्हा त्यावरून असा गदारोळ झाला नव्हता. रोलिंग स्टोनच्या शीर्षनामाखाली येताच ते एखाद्या रॉक गायकाचे छायाचित्र भासू लागले, असा आक्षेप अनेकांनी घेतला. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी प्रकाशकांना पत्र लिहून निषेध नोंदवला आणि सीव्हीएस, वॉलग्रीन्स यांसारख्या दुकानसाखळ्यांनी अंक विकण्यास नकार दिला. आतील लेख गंभीर शोधपत्रकारितेचा होता व मुखपृष्ठावरील मथळ्यात त्याला नराधमच म्हटले होते, असा बचाव संपादकांनी केला. १९७० मध्ये खून प्रकरणातील आरोपी चार्ल्स मॅन्सन यालाही मुखपृष्ठावर स्थान मिळाले होते. पण तेव्हा ही जागा गौरवाची म्हणून एवढी रुजलेली नव्हती. १९७२ साली डॉ. हुक या वाद्यवृंदाने याच मुखपृष्ठावर येण्याच्या आकांक्षेवर एक विनोदी गीत काढले आणि पुढच्या वर्षी ते खरोखरच, अर्थात व्यंगचित्राच्या रूपात, तेथे आले. अशा अनेक वर्षांच्या संचितामुळे २०१३ मध्ये मथळ्यातील शब्दांपेक्षा चौकटीचा अर्थ प्रबळ ठरला. दुकानांनी टाकलेल्या बहिष्कारानंतरही त्या अंकाची किरकोळ विक्री नेहमीच्या सुमारे दुप्पट झाली.

== आकारातील बदल ==

सुमारे १० इंच रुंद व १२ इंच उंच हा मोठा आकार रोलिंग स्टोनचे वैशिष्ट्य होते. इतर मासिकांच्या गर्दीत तो उठून दिसे. पण दुकानांतील ठरावीक मापाच्या खणांत मावत नसे. ऑक्टोबर २००८ पासून आकार घटवून इतर मासिकांइतका केला गेला, कागद अधिक चकचकीत झाला आणि टाचणबांधणीऐवजी चिकटबांधणी आली. अनेक जुन्या वाचकांना हा बदल रुचला नाही. जुलै २०१८ मध्ये पाक्षिकाचे मासिक झाले, तेव्हा मोठा आकार परत आणण्यात आला. दरम्यान नियतकालिकाची बहुसंख्य मालकी पेन्स्के मीडियाकडे गेली होती. संगीताच्या ताज्या बातम्या एव्हाना भ्रमणध्वनीवर मिळू लागल्या होत्या. छापील अंक विकत घेण्याचे कारण आता मोठे छायाचित्र आणि जाड कागद हेच उरले होते.

== भारतात ==

रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये मुंबईहून सुरू झाली. मूळ शीर्षनामाखाली भारतीय कलावंतांना स्थान देणारी ही आवृत्ती इंग्रजीत निघते. त्यापूर्वी भारतातील रॉक संगीताला वाहिलेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेत सुरू केले होते.