आखाजी ते आखाजी: अमळनेर परिसरातील सालदार आणि फिरते शेतमजूर

खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते आणि आखाजीलाच संपते. अक्षय्य तृतीयेचा हा सण अमळनेर, पारोळा, चोपडा, शिंदखेडा या भागांत लेकीबाळींच्या माहेरपणाचा, झोक्यांचा आणि पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीचा. त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या ओट्यावर जुन्या सालदाराचा हिशेब होतो आणि नवा सालदार ठरतो. वर्षाची मजुरी एकदाच बोलली जाते. पूर्वी त्यात रोख थोडी असे. धान्य, कपड्यांचा जोड, पायताण आणि घोंगडी यांवर बोलणी अधिक चालत. कामाचे तास कधीच बोलले जात नाहीत. पहाटे बैलांना वैरण घालण्यापासून रात्री पिकाला पाणी देण्यापर्यंत सालदार मालकाचा. ठरलेल्या रकमेतला मोठा भाग त्याने आधीच उचललेला असतो: मुलीचे लग्न, आजारपण, पावसाळ्यातली चूल. आखाजीला बाकी निघाली की पुढचे सालही त्याच दारी. या भागातल्या शेतमजुरीचा इतिहास बराचसा या उचलीचा इतिहास आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तापीच्या दोन्ही काठांची पुष्कळ जमीन पडीक होती आणि सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल सरकारशी झुंजत होते. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रम याने भिल्ल पलटण उभी केली. बंडाळी हळूहळू ओसरली, जमिनीची मोजणी झाली, सारा रोखीत ठरला, आणि कसण्यासाठी पैसा व बैल ज्यांच्याकडे होते त्यांच्या नावावर शिवारे चढत गेली. जंगलावर जगणाऱ्याकडे यातले काहीच नव्हते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, कपाशीचा पेरा वाढला, तशी हातांची गरजही वाढली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कर्जापोटी स्वतःची मजुरी गहाण टाकणाऱ्यांची नोंद आहे. जमीन गहाण पडली तर निदान कागद होतो. इथे माणूसच गहाण होता, आणि कर्जाची वही सावकाराच्या किंवा मालकाच्या घरात होती.

सुरतेहून निघालेला ताप्ती व्हॅली रेल्वेचा फाटा १९०० च्या सुमारास अमळनेरला पोहोचला. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेश होरपळून निघाला तो हाच काळ. रेल्वेने अमळनेरला कापसाची पेठ दिली आणि पुढे प्रताप मिल उभी राहिली. मिलच्या कामगाराला भोंगा होता, हजेरीपट होता, एकत्र जमायला फाटक होते. १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी पुढे याच परिसरात कामगार आणि शेतकऱ्यांच्या चळवळीत उतरले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुरांना पोट भरेल इतकी मजुरी कायद्याने मिळावी, हेही कलम होते. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला आणि शेतीचा समावेश त्याच्या परिशिष्टात झाला. पण चोवीस तासांच्या सालदारकीला ‘दिवसाची मजुरी’ लावायची कशी, याचे उत्तर गावात कोणी शोधले नाही. शोधायची निकड होती ती ज्याला, त्याच्या हाती वही नव्हती.

ते उत्तर मागितले गेले ते तापीच्या खालच्या अंगाला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात. सुपीक काळी जमीन, पाटाचे आणि विहिरींचे पाणी, बागायतदारांच्या पीक संरक्षण सोसायट्या, आणि शेतातले धान्य चोरल्याच्या संशयावरून मार खाणारे भिल्ल मजूर, असे ते चित्र होते. १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांनी लोकांना आधीपासूनच जागे केले होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर आणि वाहरू सोनवणे हे तिचे कार्यकर्ते. गेलेल्या जमिनी परत मिळवणे आणि सालदारांची मजुरी वाढवणे या दोन मागण्या जोडीने पुढे आल्या. बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. हे एकमेकांपासून वेगळे प्रश्न नाहीत, ही या चळवळीची मोठी समज होती: जमीन गेलेला माणूसच सालदार होतो, आणि दारूची उधारी त्याच वहीत चढते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेला रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या जानेवारीपासून अमलात आला. मालकाच्या दाराशिवाय दुसरीकडे काम मागता येते, हे मजुराने तेव्हा पाहिले.

त्या आधीच एक दुसरे दार उघडले होते, आणि तिथेही उचलच होती. दक्षिण गुजरातेत बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला, मागोमाग मढी, चलथाण अशा गावांत कारखाने झाले. ही गावे अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहेत. ज्या मार्गाने कापसाच्या गासड्या गेल्या, त्याच वाटेने दिवाळीनंतर कोयते जाऊ लागले. ‘कोयता’ म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यात, घरातले दाणे संपलेले असताना येतो, जोडीला उचल देतो आणि कारखान्याला अमुक इतके कोयते भरून देतो.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागात या टोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्या भागात या मजुरांना ‘खानदेशी’ एवढीच ओळख होती. ब्रेमन यांना एक गोष्ट खटकली: त्याच गावांत हळपती समाजाचे हजारो भूमिहीन मजूर रिकामे बसलेले असताना कारखान्यांनी मजूर आणले ते दोन-तीनशे किलोमीटरवरून. एके काळी अनाविल ब्राह्मण जमीनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला हळपती आता सुटला होता. त्याला घर होते, शेजार होता, कंटाळला तर तो संध्याकाळी निघून जाऊ शकत होता. खानदेशचा मजूर जाऊ शकत नव्हता. गाडी रात्री दोनला आली तरी तो मोळ्या भरायला उठे, कारण तो फडाशेजारीच कोपीत झोपलेला असे. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, पोर धाकट्याला सांभाळते किंवा वाढे गोळा करते. दर पंधरवड्याला मिळणारी खावटी हिशेबात व्याजासकट वजा होते. गावाकडे अंगणातला अंधार सवयीचा असतो. परक्या फडात, साप-विंचवांच्या पाचटात, बाळंतपणही तिथेच उरकावे लागते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. तो ठेकेदाराला परवाना घ्यायला सांगत होता, पण मजुराच्या आणि कारखान्याच्या मध्ये मुकादम असतो, आणि मालक कोण या प्रश्नावर दोन्ही बाजू हात वर करतात.

अमळनेर तालुक्यातून माणसे बाहेर जातात त्याच काळात बाहेरून माणसे आतही येतात. दसऱ्याच्या सुमारास कपाशीचे बोंड फुटते. चोपड्यापलीकडच्या सातपुड्यातून आणि मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोन भागांतून पावरा व बारेला कुटुंबे वेचणीला उतरतात. त्यांच्या डोंगरात पाऊस संपला की काम संपते; इथे पेरा मोठा आणि स्थानिक मजूर गुजरातच्या वाटेवर.

वेचणीचे काम हलके दिसते. बाई कमरेला ओटी बांधते, दोन्ही हातांनी एकेका पाकळीतून कापूस ओढते. वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या मुळाशी बोचतात आणि आठवडाभरात बोटे चिरतात. मजुरी किलोवर. पहिल्या वेचणीत कापूस भरपूर असतो, शेवटच्या फरदडीत तेवढ्याच किलोसाठी दुप्पट ओळी चालाव्या लागतात. संध्याकाळी गाठोडे काट्यावर चढते. काटा मालकाचा, आकडा मालक वाचतो. बाईला वाचता येत नसेल तर दिवसभराचे मोल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. तिची पोरे बांधावर असतात. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती मूल ज्या गावचे त्या गावात, आणि हे मूल तर आईबरोबर आलेले.

शेतमालाच्या गाडीवर बसून प्रवास हाही या जगण्याचा भाग. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसलेले १५ मजूर दबून मेले. ते धुळे जिल्ह्यातून पपई भरून रावेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतत होते. माल आणि माणूस यांना एकच भाडे पडावे, एवढाच त्यामागचा हिशेब.

ही ये-जा थांबायची तर शिवारात पाणी हवे. अमळनेर तालुका बोरी आणि तापीच्या काठी असूनही पुष्कळसा कोरडवाहू आहे. तापीवर पाडळसे येथे निम्न तापी प्रकल्पाचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले गेले. ते अजून पुरे झालेले नाही. दरम्यान ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि सालदारही. उरलेल्या सालदाराचा भाव आता लाखाच्या घरात बोलला जातो, तो सुट्टीही मागतो. ज्यांना साल धरायचे नाही, ते उसाला जातात.

उसाचा हंगाम एप्रिल-मेमध्ये आटोपतो, म्हणजे आखाजीच्या आगेमागे कोयते परततात. मुकादम टनांचा हिशेब मांडतो, त्यातून उचल, खावटी, आजारपणात दिलेले पैसे वजा करतो. कुणाच्या हाती थोडे उरते. कुणाकडे बाकी निघते. ती बाकी पोळ्याला नव्या उचलीत मिळवली जाते आणि दिवाळीनंतर कोयता पुन्हा निघतो.