वेडी बाभूळ आणि जोधपूरचा खडक

एकाच झाडाला तीन प्रांतांतल्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, वेडं ठरवलंय. आपल्याकडे 'वेडी बाभूळ', कच्छमध्ये 'गांडो बावळ' आणि मारवाडात 'बावळिया'. (बावळिया म्हणजे वेडा, असाच अर्थ जोधपूरची माणसं सांगतात. आपला 'बावळट' आठवला की नाही?) पुणे-सोलापूर गाडीत खिडकीशी बसला असाल तर रुळांच्या कडेने मैलोन् मैल जे काटेरी, पोपटी झुडूप दिसतं ना, तेच हे. पाणी असो वा नसो, माती असो वा नसो, हे आपलं वाढतंय. वेड्यासारखं.

मागच्या काही आठवड्यांत या झाडाच्या मागे लागून बरंच वाचलं. कारण जोधपूरला मेहरानगडच्या पायथ्याशी या वेड्याला हाकलून मूळची झाडं परत आणण्याचा एक प्रयोग झालाय. वर्षभरापूर्वी तो डोळ्यांनी पाहून आलो, तेव्हापासून विषय डोक्यातून जाईना. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावावर.

सुरुवात सुरुवातीपासून. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. तिकडे याच्या भाऊबंदांना मेस्किट म्हणतात. १८७७ च्या सुमारास इंग्रज वनखात्याने जमैकाचं बी मागवून दक्षिणेत, आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात पेरलं. हेतू सरळ होता: कोरड्या जमिनीवर लवकर वाढणारं सरपण. आणि हे वर्षही लक्षात घ्या. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ, दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसं मरत होती तेव्हाचं.

मारवाडाने स्वतःचा दुष्काळ पाहिला तो १८९९-१९०० मध्ये. विक्रम संवत १९५६ म्हणून त्याला आजही 'छप्पनिया काळ' म्हणतात. आमच्या ऑफिसातला एक मारवाडी सहकारी सांगतो, की त्याच्या घरी पानात अन्न टाकलं की आजी अजून छप्पनियाचं नाव काढते. सव्वाशे वर्षं झाली! ही आठवण ध्यानात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

जोधपूरच्या गादीवर १९१८ ते १९४७ महाराजा उमेदसिंह होते. माणूस हौशी वैमानिक. त्यांनी १९३० च्या दशकात विमानातून या झाडाचं बी आपल्या राज्यावर उधळलं, असं जोधपुरात सांगतात. १९४० मध्ये तर जोधपूर संस्थानाने याला 'शाही झाड' म्हणून घोषित केलं आणि प्रजेला ते जपायला सांगितलं. आज हे वाचून हसू येतं खरं, पण थांबा. दुष्काळात लोकांना रोजगार मिळावा म्हणून उमेद भवन राजवाड्याचं काम काढणारा हाच राजा (१९२९ ते १९४३, चौदा वर्षं काम चाललं). वाळू पुढे सरकतेय, चुलीला लाकूड नाही, गुरांना चारा नाही, आणि कोणीतरी सांगतंय की एक झाड आहे, ज्याला पाणी लागत नाही, शेळ्या ज्याचा पाला खात नाहीत आणि तोडलं की दुप्पट फुटतं. तुम्ही राजा असता तर काय केलं असतं? मी तर विमान भाड्याने घेतलं असतं.

घोळ असा, की ज्या गुणांसाठी झाड आणलं तेच गुण पुढे अंगाशी आले. पाला कडू, म्हणून जनावरं तोंड लावत नाहीत. पण शेंगा गोड! शेळ्या-गाई त्या चवीने खातात, बी पचत नाही, आणि लेंड्यांमधून खतासकट गावभर पेरलं जातं. तोडावं तर बुंध्यापासून दहा फांद्या फुटतात. मुळं किती खोल जावीत? अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसानजवळ एका उघड्या खाणीत याच्या सख्ख्या नातलगाचं मूळ ५३ मीटर खोल सापडल्याची नोंद १९६० सालची आहे. साधारण सोळा-सतरा मजली इमारतीएवढं! शिवाय याच्या पानांतल्या रसायनांमुळे खाली दुसरं बी सहसा रुजत नाही. थोडक्यात, प्रॉडक्शनवर टाकलेला तात्पुरता पॅच, जो नंतर सगळी मेमरी खातो आणि काढावा तर सिस्टिम उठत नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको :-)

आता मेहरानगडाकडे येऊ. किल्ला १४५९ मध्ये राव जोधाने बांधायला घेतला. त्या डोंगरावर चिडियानाथ नावाचा साधू राहत होता, त्याला उठवलं, आणि त्याने पाण्याचं दुर्भिक्ष राहील असा शाप दिला, अशी दंतकथा आहे. शापाचं माहीत नाही, पण भूगर्भशास्त्र साधूच्या बाजूने आहे. जोधपूरला वर्षाला सरासरी ३६०-७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किल्ल्याखालचा खडक म्हणजे रायोलाइट, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट आहे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यापुढे तो शाळकरी पोरच. या जुन्या ज्वालामुखी खडकावर नंतरचा वालुकाश्म जिथे टेकतो ती सीमारेषा किल्ल्याजवळ उघडी दिसते, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे. किल्ला बघायला येणारी बहुतेक माणसं तिच्या शेजारून सेल्फी काढत निघून जातात.

तर या खडकाळ, सुमारे ७० हेक्टर (पावणेदोनशे एकर) जागेवर बावळियाने ताबा मिळवला होता. २००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने ही जागा सुधारायचं ठरवलं आणि काम सोपवलं प्रदीप कृष्ण यांच्याकडे. हा माणूस मुळात सिनेमावाला. 'मॅसी साहिब' (१९८५) त्यांचा. १९८९ चा 'इन विच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स'ही त्यांचाच, ज्याची पटकथा अरुंधती रॉयची आणि ज्यात शाहरुख खान चिमूटभर दिसतो. पुढे सिनेमा सोडून ते झाडांच्या नादी लागले आणि २००६ मध्येच 'ट्रीज ऑफ डेल्ही' हे पुस्तक लिहिलं. वनस्पतीशास्त्राची पदवी नाही. नुसतं चालायचं, बघायचं, नोंदी करायच्या. अशी माणसं बघितली की चाळिशीनंतरच्या आयुष्याबद्दल बरं वाटतं.

पहिला प्रश्न: बावळिया काढायचा कसा? वरून तोडून उपयोग नाही, हे वर सांगितलंच. बुंध्याचा जो भाग पुन्हा फुटतो तो मुळासकट खणून काढायला हवा, आणि तो तर खडकाच्या फटीत घट्ट बसलेला. साडेपाचशे वर्षं जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी सुरुंग लावायची कल्पनाही करता येत नाही.

शेवटी उपाय सापडला तो शहरातच. जोधपूरच्या बालसमंद भागात 'खांडवालिया' नावाची माणसं आहेत, पिढ्यान्पिढ्या खाणीतून दगड काढणारी. जोधपूर ज्या गुलाबीसर दगडात बांधलंय, तो काढणारे हेच हात. हे लोक हातोडीने खडकावर टकटक करतात आणि कान देऊन आवाज ऐकतात. आवाजावरून त्यांना कळतं की खडक आत कुठे भेगाळलाय, कुठे अखंड आहे, छिन्नी कुठे लावली तर तो सहज सुटेल. मग हळूहळू दगड फोडत, झाडाच्या मुळाभोवती खड्डा करत, एकेक बावळिया मुळासकट उपटला. एकेक! (रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात ते याला.)

आणि इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हे जे खड्डे पडले, तेच नव्या झाडांची घरं झाली. बावळियाने पन्नास-साठ वर्षं खर्चून खडकातल्या नेमक्या फटी शोधून ठेवल्या होत्या, म्हणजे मूळ खाली कुठून जाऊ शकतं याचा नकाशाच. खांडवालियांनी तो नकाशा मोकळा केला, त्यात माती आणि बारीक खडी भरली आणि रोपं लावली.

दुसरा प्रश्न: लावायचं काय? इथेच अशा कामांचा बट्ट्याबोळ होतो. नर्सरीत जे मिळतं ते लावून मोकळं. वाळवंट म्हटलं की खेजडी, एवढंच आपल्याला ठाऊक. पण खेजडी ही खोल वाळूतली. खडकावर राहणारी मंडळी वेगळी. म्हणून जोधपूरच्या आसपासच्या खडकाळ टेकड्या आणि थरचे निरनिराळे भाग पायी पालथे घालून तिथे आपसूक काय उगवतं ते पाहिलं, बी गोळा केलं, आणि जागेवरच रोपवाटिका केली. विकत मिळणारी ही झाडं नव्हेतच.

यातली बरीच मंडळी आपल्याही ओळखीची निघतात. थोर, तोच तो निवडुंगासारखा दिसणारा, मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा वाढणारा. कुमट, ज्याचा डिंक निघतो आणि ज्याच्या बिया मारवाडी भाजीत पडतात. कैर, म्हणजे आपली नेपती, जिला पानं जवळजवळ नसतातच आणि जिच्या फळांची कैर-सांगरी होते. हिंगोटा, म्हणजे आपला हिंगणबेट. पिलू, ज्याच्या काड्यांनी दात घासतात. आणि गुग्गुळ, जो आपण धूप म्हणून जाळत आलो. राळेसाठी इतका ओरबाडला गेला की आज तो धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. शिवाय कित्येक गवतं, ज्यांची नावं मला दोनदा सांगूनही लक्षात राहिली नाहीत.

फेब्रुवारी २०११ मध्ये 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' लोकांसाठी उघडलं. सतराव्या शतकातल्या सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीत माहिती केंद्र आहे आणि आत पायवाटा. मी गेलो तो डिसेंबर होता. माझ्यापुढे एक कुटुंब चाललं होतं. त्यातले काका दहा मिनिटं इकडे-तिकडे बघून म्हणाले, "अरे, पण बाग कुठाय?" त्यांचं काही चुकलं नाही. डिसेंबरात तिथे करडा खडक, करडी झुडपं आणि वाळलेलं गवत. वाळवंटातली बरीच झाडं कोरड्या दिवसांत पानं टाकून गप्प बसतात, तोच त्यांचा शहाणपणा. हिरवंगार दिसायची हौस बावळियाला.

आणि खरा मुद्दा हाच आहे मंडळी. 'हिरवं म्हणजे चांगलं' हे समीकरण किती महाग पडतं! १९६१ पासून गुजरात वनखात्याने कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशाच्या कडेला, क्षार पसरू नयेत म्हणून, ३१,५५० हेक्टरवर हाच गांडो बावळ लावला. पुढे त्याने बन्नीचं मोठं गवताळ क्षेत्र गिळलं आणि मालधारींच्या गुरांचा चारा गेला. पण लगेच "उपटून टाका सगळे" असंही म्हणता येत नाही. कारण तिथे आणि आपल्या मराठवाडा-सोलापुरातही, कित्येक घरांची चूल याच्या सरपणावर पेटते, कोळसा पाडून पोटं भरतात. राजाने ज्यासाठी आणलं होतं, ते काम ते झाड करतंच आहे. किल्ल्याच्या सत्तर हेक्टरांवर ट्रस्टचा पैसा आणि खांडवालियांची छिन्नी होती. बन्नीवर छिन्नी कोण चालवणार, आणि ज्याची चूल विझेल त्याला काय देणार, याचं उत्तर या पार्कात मिळत नाही. ते उत्तर न शोधता काढलेल्या मोहिमेला माझा तरी पाठिंबा नाही.

उलट्या बाजूलाही असंच. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई मारले गेले. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याची. १९८३ मध्ये ती राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. आणि गेल्या काही वर्षांत बिकानेरकडे सौर प्रकल्पांसाठी तीच तोडली जातेय म्हणून लोक रस्त्यावर आलेत. तेव्हा आगगाडीच्या कडेची बाभूळ आणि खेजडी दोन्ही 'झाडं'च, असं म्हणून मोजणी करणाऱ्याला या भांडणात काहीच कळणार नाही. (गंमत म्हणजे दोघी एकाच प्रोसोपिस कुळातल्या मानल्या जात. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी कुळाची वाटणी केली. जुनं आडनाव शमीकडे राहिलं, वेडी बाभूळ 'नेल्टुमा' झाली.)

हे सगळं इतक्या तपशिलात लिहायचं कारण, पावसाळा आला की आपल्या सगळ्यांच्या ऑफिसांतून वृक्षारोपणाची मेल येते. टी-शर्ट, बस, वडापाव, हजार रोपं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी रांगेतली झाडं आहेत, तीही कोणीतरी भल्या हेतूनेच लावली होती. पुढच्या मेलला उत्तर देताना दोनच प्रश्न विचारा: या माळावर आधी काय उगवत होतं, आणि इथे गुरं चारणाऱ्या माणसाला कोणी विचारलंय का? उत्तर 'माहीत नाही' आलं, तर तो शनिवार रोपं लावण्याऐवजी माळावर नुसतं चालण्यात घालवा, गुराख्याशी गप्पा मारा आणि वहीत नावं लिहा. जोधपूरच्या कामाचीही सुरुवात अशाच पायपिटीने झाली होती.

आणि जोधपूरला जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा. पाऊस पडून गेलेला असतो, खडकाच्या प्रत्येक फटीतून काहीतरी उगवलेलं असतं, आणि "बाग कुठाय?" असं सहसा कोणी विचारत नाही म्हणे.