चिठ्ठी काढणारा हात

ग्रामपंचायतीच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा बरणीत हात घालायला शाळेतलं एखादं पोर बोलावतात. हात निर्मळ असावा, कोणाला शंका घ्यायला जागा नको, हा त्यामागचा हेतू. पोर चिठ्ठी काढतं, साहेब ती उलगडून मोठ्याने वाचतात, सभागृहात काही चेहरे खुलतात, काही पडतात. चिठ्ठीवरचे 'नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला' हे शब्द कुठून आले, ते त्या पोराला तिथे कोणी सांगत नाही.

शाळेने हे सांगावं असं म्हटलं की जुन्नर तालुक्यातल्या आमच्या निमगाव साव्यासारख्या गावात एक उत्तर हमखास मिळतं. पोरांच्या डोक्यात जात घालू नका आणि शाळेत राजकारण आणू नका. हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यात हाडाचे शिक्षक आहेत, पोटतिडकीने शाळेसाठी झटणारे पालक आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो. गावात भावकीची, पार्टीची भांडणं आधीच आहेत. सगळ्या वस्त्यांची मुलं एका बाकावर बसतात अशी शाळा ही एकच जागा उरली आहे. तिथे जातीचा उच्चार केला तर बाक मधोमध दुभंगेल. चौदा-पंधरा वर्षांचं वय हळवं. एकाला कमीपणा वाटेल, दुसऱ्याला विनाकारण अपराधी. शिवाय शिक्षकही कोणत्या तरी पार्टीचाच निघाला, तर?

हा पूर्वपक्ष एका गृहीतावर उभा आहे. शाळेत आज जात नाही, ती आपण बाहेरून आणणार, असं तो धरून चालतो. ते गृहीत शाळेच्या कपाटातच खोटं ठरतं. जनरल रजिस्टर उघडा. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, धर्म, जात, पोटजात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच रकाना. जात पडताळणीला पुरावा लागतो तो इतर मागासवर्गीयांसाठी 1967 पूर्वीचा, भटक्या विमुक्तांसाठी 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 1950 पूर्वीचा. तो पुष्कळदा सापडतो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही काढली गेली. ज्या घरात ती नोंद सापडली आणि ज्या घरात नाही सापडली, त्या दोन्ही घरांतली मुलं दुसऱ्या दिवशी एकाच वर्गात बसली होती. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही असं कोणी म्हणावं?

वर्गात काय घडतं तेही जवळून पाहा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की नावं मोठ्याने वाचली जातात. ती मुलं उठून टेबलाशी जातात. मागच्या बाकावरून हलकेच एक शब्द येतो, 'फुकटचं'. तो ऐकून उठलेल्या मुलीची मान खाली जाते. सर ऐकतात आणि पुढचं नाव वाचतात. इतकंच. शाळेत जातीचा तास झाला, तो त्या एका शब्दाने घेतला आणि त्याला उत्तर मिळालं नाही. बाक दुभंगला तो इथे. शाळा जात लिहिते, जातीवरून मुलांना हाका मारते, फक्त त्याबद्दल बोलत नाही. माझा विरोध या मौनाला आहे.

त्या 'फुकटचं'ला उत्तर आहे आणि ते लांबचं नाही. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितलं की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्यावर शिकतात वरच्या वर्गांची मुलं. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. फुकट कोण शिकत होतं, हा प्रश्न त्यांनी उलटा विचारला. जुन्नर तालुक्याला तर हा वाद परका नाहीच. याच तालुक्यातल्या ओतूरच्या सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्नं लावली आणि तंटा कोर्टापर्यंत गेला. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 ची. त्याच तारखेला, 1932 साली, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला आणि राखीव जागांची आजची रीत तिथून सुरू झाली. 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, ग्रामपंचायतीतल्या राखीव जागांना घटनेचा आधार मिळाला. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ओबीसींच्या जागांना नव्या अटी लागल्या. बरणीतल्या चिठ्ठीवर एवढं सगळं लिहिलेलं असतं.

आता अपराधीपणाचा आक्षेप. तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावी जेन इलियट या शिक्षिकेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, 5 एप्रिल 1968 ला, तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून वाटणी केली आणि एका गटाला हलकं लेखलं. वर्णभेद मुलांना अंगावर समजावा म्हणून. त्याच आयोवाने 2021 मध्ये शाळांत वंशाबद्दल काय शिकवू नये याचा कायदा केला. यातलं एकही टोक आपल्याला नको. मुलाला मुद्दाम दुखवून शिकवण्याची गरज नाही आणि तोंड बांधण्याचीही नाही.

'विशेषाधिकार' हा पुस्तकी शब्द नववीच्या पोराच्या डोक्यावरून जातो. 'आयतं' हा शब्द त्याला बरोबर कळतो. आमच्याच पाण्याचं उदाहरण घ्या. आमचा हा तालुक्याच्या पूर्वेचा पट्टा कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभा आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही जुन्नरमधली चार धरणं आणि आंबेगावातलं दिंभे. पाऊस पडतो पश्चिमेच्या डोंगरात. तिकडच्या धरणांत महादेव कोळी आदिवासींची भातखाचरं गेली. ज्याच्यावरून तालुक्याचं नाव पडलं ते आंबेगाव दिंभ्याच्या पाण्याखाली आहे. दिंभ्याच्या डाव्या कालव्याचं पाणी येडगावला येतं, तिथून पुढे पूर्वेला, आणि इकडे ऊस उभा राहतो, कांदा निघतो, त्या कांद्याच्या पट्टीतून पोराची सायकल येते. धरणाच्या काठी उरलेल्यांबरोबर कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने पडकईची, म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरं काढण्याची, आणि जलाशयातल्या मासेमारीची कामं उभी केली.  हे सगळं दोन तासांच्या एसटीच्या अंतरावर घडलेलं आहे. पश्चिमेच्या, पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत सरपंच आदिवासीच का असतो, हा प्रश्न आमची मुलं विचारतात. उत्तराची सुरुवात या पाण्यापासून करता येते.

म्हणजे सायकलवाल्या पोराने मान खाली घालायची का? मुळीच नाही. शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं आहे. बाप गेला की सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं. जमिनीबरोबर इतर हक्कातला बोजाही येतो. सोसायटीचं कर्ज मुलाने काढलेलं नसतं, त्यासाठी त्याला कोणी चोर म्हणत नाही. पण बोजा आहे हे त्याला माहीत असावं लागतं. दोष वेगळा आणि देणं वेगळं, एवढा फरक पंधरा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो.

राहिलं राजकारण. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी हे धडे आहेतच. पुस्तक वाईट नाही. त्यातून गाव गळून गेलं आहे, एवढंच. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचे लिलाव झाले होते. असा लिलाव देवळाच्या कामासाठी झाला तर त्यात वाईट काय, असं पुष्कळ मुलांना मनापासून वाटतं. हा प्रश्न वर्गात वादाला घ्यावा असा आहे आणि त्यात कोणत्याही पक्षाचं नाव येत नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्रही असंच. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात जाहीर असतं. नाव झाकून ते फळ्यावर मांडलं तर शिक्षक कोणाचा प्रचार करणार? पक्षाचं काम करायला शिक्षकाला बंदी आहे आणि ती असावी. निवडणूक कशी चालते ते शिकवायला बंदी नाही.

शिक्षकांची भीती मात्र खोटी नाही. 2012 मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या, डॉ. आंबेडकरांवरच्या शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून वाद पेटला आणि पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या चित्राने दुखावलेल्या मुलांचं दुखणं खरं होतं. ते वर्गात बोललं जायला हवं होतं. गोष्ट गेली संसदेत आणि रस्त्यावर. एकट्या शिक्षकावर हे ओझं टाकून चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने आणि पालकांनी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं, नाहीतर हे सगळं कागदावरच राहील.

मतदानाच्या आदल्या दिवशी वर्गातली बाकं भिंतीला लागतात आणि त्याच खोलीत मतदान यंत्रं येतात. मतदार यादी सांभाळणारे बीएलओ पुष्कळदा शाळेतलेच गुरुजी असतात. यादी त्यांच्या हातात असतेच. ती नववीच्या वर्गात आणावी आणि एवढंच विचारावं की यात कोणाचं नाव नाही? लग्न होऊन आलेल्या वहिनीचं, ठाकर वस्तीवरच्या एखाद्या म्हाताऱ्याचं, हे मुलंच सांगतील. नाव नोंदवायचा नमुना 6 कसा भरतात ते त्यांना दाखवावं. सतरा पूर्ण झाली की आता आगाऊ अर्ज करता येतो. नववीतल्या पोराला त्यासाठी दोन-तीनच वर्षं उरलेली असतात.