आजोबांची जोडी

गेल्या वर्षी गणपतीआधी पेणला मावशीकडे गेलो होतो. कारखान्यातून घरची मूर्ती आणायची होती. मूर्ती दीडच फुटाची, पण शाडूची, म्हणजे वजनाला भारी. मी ऐटीत वाकलो आणि कंबरेत उसण भरली! बेंच प्रेसला सत्तर किलो उचलणारा मी... मूर्ती शेवटी मावसभावाने आणली.

दोन दिवसांनी रोह्याच्या घरी पडून होतो, तेव्हा माळ्यावरची आजोबांची मुद्गलांची जोडी दिसली. आजोबा म्हातारपणीही भाताचं पोतं पाठीवर घेत. जिम त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग हे कसं?

जुन्या तालमीचा क्रम आठवला. जोर मारताना आपण जमीन ढकलतो: छाती, खांदे, दंड. बैठकांनी मांड्या. पण तेवढ्यावर तालीम थांबत नसे. फावड्याने हौद खणायचा, दोर चढायचा, म्हणजे ओढण्याचं काम पाठीला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा रुजवलेला मल्लखांबही त्यातलाच. मुद्गलाचं वजन एका टोकाला असतं. ते फिरवताना मनगट, खांदा आणि कंबर यांना एकमेकांना सांभाळून घ्यावंच लागतं.

डंबेल्स आपल्याकडे नवी नाहीत. सँडो १९०४-०५ मध्ये भारतात खेळ करून गेला. त्याआधीच, १८९७ मध्ये, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं तो व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्याला साधन लागत नाही आणि सगळं अंग एकत्र चालतं. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी तर १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले!

तुम्ही म्हणाल, मग जिम सोडलीस का? नाही. दोष डंबेलचा नव्हता, माझ्या आरशाचा होता. आरशात दिसतं तेवढंच मी कमावलं. पाठ दिसत नाही, म्हणून ती राहून गेली.

आता जितकं ढकलतो तितकंच ओढतो. डेडलिफ्ट हलक्या वजनाने, पाठ सरळ ठेवून. आणि रोज विहिरीपासून न्हाणीपर्यंत पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, दोन्ही हातांत सारख्या. जोडीला अजून महिनाभर हात लावणार नाही. आधी खांदे तयार होऊ देत.

असो. मावशी, वाचते आहेस ना? यंदाची मूर्ती मीच आणणार. मावसभावाला फक्त सोबत राहू दे... न जाणो!