मुंबईला चेहरा देणारा चित्रकार: कोण होते एम. व्ही. धुरंधर?

दरवर्षी ६ जून जवळ आला की शिवराज्याभिषेकाचं एक चित्र मोबाइलवर फिरायला लागतं. माणसांनी गच्च भरलेला दरबार, सिंहासनावर महाराज आणि समोर अदबीने वाकलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन. चित्र घराघरांत ओळखीचं आहे, पण फॉरवर्ड होता होता चित्रकाराचं नाव मात्र गळून जातं.

ते नाव आहे महादेव विश्वनाथ धुरंधर. शंभरेक वर्षांपूर्वीची मुंबई कशी दिसायची, हे आज आपल्याला कळतं त्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

कोल्हापूर ते मुंबई

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. तेव्हा संस्थेची सूत्रं जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. शिक्षण संपल्यावर धुरंधर तिथेच शिकवू लागले आणि १९३० मध्ये संचालकपदापर्यंत पोहोचले. एका भारतीयासाठी त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे त्यांनी आत्मकथन लिहिलं, त्याचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'.

ती इमारत शोधायला फार फिरावं लागत नाही. वर्ध्याहून सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलं की जे. जे. अगदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तेव्हाची मुंबई कशी होती?

मुंबई मुळात सात बेटांची. भराव टाकत टाकत ती जोडली गेली. बंदर, गिरण्या आणि रेल्वे यांमुळे कोकण, देश, गुजरात, कच्छ अशा सगळीकडून माणसं आली. कोळी आणि पाठारे प्रभू हे इथले जुने रहिवासी. धुरंधर स्वतः पाठारे प्रभू होते. या समाजाचे लग्नसोहळे, दागिने, पोशाख त्यांच्या चित्रांत बारकाव्यांसह येतात, ते यामुळेच.

हा काळ भरभराटीचा होता, तसा भीतीचाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २१ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. मृत्यू आणि शहर सोडून जाणारे लोंढे, दोन्हींचा तो परिणाम. धुरंधर विद्यार्थ्याचे शिक्षक झाले ते याच शहरात.

पोस्टकार्डावरची माणसं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रांची पोस्टकार्डं जगभर लोकप्रिय झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हाचं इन्स्टाग्रामच. धुरंधरांनी या कार्डांसाठी मुंबईच्या रस्त्यावर दिसणारी माणसं रंगवली. राजे-महाराजे आणि देवदेवतांच्या चित्रांची चलती असताना साध्या माणसांनाही त्यांनी चित्राचा विषय केलं.

पुस्तकांसाठीही त्यांनी भरपूर काम केलं. मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) या पुस्तकाला त्यांची चित्रं आहेत. मोहरम, गणेशचतुर्थी, मुंबईतले सिद्दी असे विषय या पुस्तकात येतात. सी. ए. किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स'मधल्या (१९१४) आपल्याकडच्या व्रतकथांना आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया'लाही (१९२०) धुरंधरांचीच चित्रं आहेत.

ही चित्रं बघताना काय लक्षात ठेवायचं?

वरच्या तिन्ही पुस्तकांचे लेखक इंग्रज अधिकारी होते. त्यांच्या लेखी इथला माणूस बऱ्याचदा अमुक जातीचा, तमुक धंद्याचा 'नमुना' असायचा. अशा चित्रांखाली समाजाचं नाव सापडतं, व्यक्तीचं नाही. ती मांडणी राज्यकर्त्यांची होती, हे विसरून चालत नाही.

पण ब्रश धुरंधरांच्या हातात होता. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, पदर कुठून येतो, नथ कशी असते, हे त्यांनी घरात आणि शेजारीपाजारी पाहिलेलं होतं. म्हणूनच पोशाख आणि चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्यांना ही चित्रं उपयोगी पडतात. मात्र हे फोटो नाहीत. काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे चित्रकाराने ठरवलेलं असतं.

मूळ चित्रं कुठे?

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचं निधन झालं. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रं पाहायला मिळतात. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं.

'जुनी मुंबई' म्हणून एखादं रंगीत चित्र पुढच्या वेळी समोर आलं, तर शेअर करण्याआधी त्याचे कोपरे नीट बघा. तिथे धुरंधरांची सही असेल, तर ती कापू नका आणि चित्रासोबत त्यांचं नावही लिहा.