बोलक्या डोक्याची गोष्ट

'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू आठवतो ना? १९९३ सालचा सिनेमा. बाहुली घडवली होती रामदास पाध्ये यांनी. नुसते डोळे फिरले आणि जबडा हलला, तरी पोरं रात्री अंगणात जायला घाबरायची. गेल्या पावसाळ्यात आम्ही पाचजणींनी ठरवलं, असं एक हलणारं डोकं आपणच करून बघू. मेळाव्यात रेडिओच्या टेबलावर बसून बायकांशी बोलणारी आजी करायची. ते करता करता या कामाचा इतिहासही वाचत गेलो.

हा नाद जुना आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर जाके-द्रो नावाच्या घड्याळजीनं मुलाला आणि साथीदाराला घेऊन १७६८ ते १७७४ या काळात तीन बाहुल्या केल्या. त्यातली एक बाई खरोखर बोटांनी बाजा वाजवते. वाजवताना तिची छाती श्वासासारखी वरखाली होते आणि नजर बोटांमागे फिरते. आत वीज नाही, चावी दिलेली स्प्रिंग आणि धातूच्या चकत्या. चकतीच्या कडेचा उंचवटा आला की दांडी उचलली जाते, खोलगट भाग आला की खाली येते. न्यूशातेल गावच्या संग्रहालयात त्या बाहुल्या आजही आहेत.

पण आम्हाला जवळची वाटली ती अमेरिकेतली हॅरिएट बर्न्स. चित्रकला शिकलेली, लेकुरवाळी बाई. १९५५ साली डिस्नीच्या कारखान्यात लागली, तिथं करवत, लेथ, ड्रिल सगळं चालवायची. त्या काळच्या रीतीप्रमाणे कामावर झगा आणि उंच टाचा घालून जावं लागे. वर चढायची वेळ आली तर असावी म्हणून पिशवीत पँट ठेवायची. (आम्ही शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतो, त्याची आठवण झाली.)

१९६३ साली डिस्नीलँडमध्ये गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांची खोली उघडली. त्या पक्ष्यांना पिसं लावायचं काम हॅरिएटकडे होतं. यंत्र ठीक चाललं, पण श्वास घेताना छातीवरचं कापड नीट हलेना. एका बैठकीत तिची नजर मालकाच्या, म्हणजे वॉल्ट डिस्नीच्या, स्वेटरच्या कोपरावर गेली. हात वाकला की तिथली लोकर सुरेख ताणायची आणि परत जागेवर यायची. तसंच कापड पक्ष्यांच्या छातीला लावलं आणि अडलेलं काम सुटलं.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांचा बोलणारा पुतळा उभा राहिला. ब्लेन गिब्सन या मूर्तिकारानं त्यांचं डोकं घडवलं, तेही लिंकन हयात असताना १८६० साली घेतलेल्या चेहऱ्याच्या साच्यावरून. आत तेलाच्या आणि हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा होती. असलं काम घरात कोण करणार?

घरात ते आलं खेळण्यातल्या विमानांमुळे. रिमोटवर उडणाऱ्या विमानांसाठी सर्वो नावाच्या छोट्या मोटरी निघाल्या. साधी मोटर गरगर फिरत राहते, सर्वो सांगितलेल्या कोनापर्यंत वळते आणि थांबते. पापणीला आणि जबड्याला हेच तर हवं असतं. २००५ साली इटलीत आर्डुइनो ही स्वस्त पाटी निघाली, ती मोटरीला हुकूम देते. मग २०१२ पासून गाएल लांजव्हँ या फ्रेंच मूर्तिकारानं घरी छापता येईल अशा माणसाएवढ्या यंत्रमानवाचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले.

आमच्याकडे छापायचं यंत्र नव्हतं. कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कालवून डोकं केलं, टेबल टेनिसचे चेंडू डोळ्यांना लावले. तालुक्याला मोटरी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "पोराच्या प्रोजेक्टला का?" आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "नाही, माझ्याच." त्यानं दोनदा वर बघितलं, मग दिल्या.

पहिल्या दिवशी आजीला थंडी भरली. सगळं डोकं थरथर कापायचं. तिन्ही मोटरींना पाटीतूनच वीज दिली होती, ती पुरत नव्हती. मोटरींना वेगळी बॅटरी दिली आणि दोन्हीकडची काळी तार एकमेकींना जोडली, तेव्हा थरथर थांबली. ही तार जोडायची राहिली तर मोटरीला हुकूम नीट कळत नाही, यात आमचे दोन दिवस गेले.

मग चेहरा. रेक्झिन लावलं तर तोंड उघडेना, जबडा ओढून ओढून मोटर तापली. सुती साडीचा तुकडा लावला, तर हनुवटीखाली चुण्या पडल्या. तेव्हा कुणाला तरी हॅरिएटचा स्वेटर आठवला. जुनं बनियन कापलं, चहाच्या पाण्यात रंगवलं, गालावर थोडं सैल ठेवून कानामागे टाचलं. शिवणकाम आम्हा पाचीजणींना येतंच.

मेळाव्यात आजी बोलली तेव्हा एक लहान मुलगी रडली आणि दोन बायकांनी पदर सावरून नमस्कार केला. डावी पापणी अजून अर्धीच मिटते. पुढच्या बुधवारी केंद्रात बसून ती खोलणार आहोत, यायचं असेल तर जुनं बनियन घेऊन या.